सत्तर हजारांची वायर आणि एक पडदा

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

‘ऐकलंस? डग्गा कसा मोकळा झालाय!’

मित्र सोफ्याच्या कडेवर येऊन बसला होता. समोर त्याचे दोन उंच स्पीकर, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर आणि तिथून दोन्हीकडे गेलेली अंगठ्याएवढी जाड निळी वायर. नवी कोरी. जोडीची किंमत सत्तर हजार रुपये. जमिनीला टेकू नये म्हणून तिच्याखाली छोट्या लाकडी घोड्याही ठेवलेल्या. त्यांचे पैसे वेगळे.

मी मान डोलावली. भिडेखातर नाही, मला खरोखरच डग्गा मोकळा ऐकू आला. तानपुरा जरा मागे सरकल्यासारखा वाटला, गायिकेचा श्वास ऐकू आला. घरी येताना मात्र बेचैन झालो. माझं शिक्षण इलेक्ट्रिकलचं. शिकलो ते सांगत होतं की पाच मीटर तांब्याची वायर असलं काही करू शकत नाही. कान म्हणत होते की केलंय. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता.

मित्राला फोन केला. म्हटलं, एक पडदा लावू आणि बघू. तो दिलदार माणूस, लगेच तयार झाला. ‘हरलास तर भजी तुझ्याकडून.’

पुढच्या रविवारी मी हार्डवेअरच्या दुकानातून घराच्या वायरिंगला वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेऊन गेलो. दोन्ही स्पीकरची मिळून हजाराच्या आत आली. स्पीकरच्या टोकांशी व्होल्टेज मोजून दोन्ही वायरींवर आवाजाची पातळी तंतोतंत सारखी आहे, याची खात्री करून घेतली. अ‍ॅम्प्लिफायरपुढे चादर टांगली. चादरीमागे मित्राची मुलगी. प्रत्येक फेरीआधी तिनं नाणं उडवायचं. छापा आला तर निळी वायर, काटा आला तर साधी. तीच वायर पुन्हा आली तरी एकदा काढून परत जोडायची, म्हणजे लागणाऱ्या वेळावरून आम्हाला सुगावा लागणार नाही. तिनं एक शब्दही बोलायचा नाही. तोच तुकडा, तोच आवाज, सोळा फेऱ्या. आम्ही दोघांनी आपापल्या कागदावर लिहायचं, एकमेकांचं न बघता.

सोळापैकी मित्राची नऊ उत्तरं बरोबर आली. माझी सात.

नुसतं नाणं उडवून उत्तरं लिहिली असती तरी सरासरी आठ बरोबर आली असती. ‘हा नशिबाचा भाग नाही’ असं म्हणायचं तर सोळात किमान बारा तरी हवीत, कारण निव्वळ नशिबानं बारा किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास असते. आम्ही दोघंही तिथून लांब होतो.

पण मला खरी शरम वाटली ती माझा कागद पाहून. सहाव्या फेरीपासून नवव्यापर्यंत नाणं सलग चारदा एकाच बाजूला पडलं होतं. म्हणजे त्या चार फेऱ्यांत वायर बदललीच नव्हती. आणि माझ्या कागदावर काय? ‘सहावी: मोकळा. सातवी: दबलेला, डग्गा बंद. आठवी: पुन्हा मोकळा, निळीच असणार. नववी: मधलं काहीतरी.’ नसलेल्या फरकाचं मी ओळीनं वर्णन करून ठेवलं होतं, तेही आत्मविश्वासानं.

हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. दोन माणसं, एक खोली, एक रविवार. पण त्या कागदानं माझा एक समज कायमचा मोडला. ‘मला ऐकू आलं’ हे वाक्य प्रामाणिक असू शकतं आणि तरी चुकीचं असू शकतं.

*

वायरीवरचे वाद नेहमी इथेच बिघडतात. एक बाजू म्हणते, ‘तुम्ही बढाया मारता.’ दुसरी म्हणते, ‘तुमचे कान तयार नाहीत.’ माझ्या मते दोघंही चुकतात. माणूस बढाई मारत नसतो, त्याला खरंच ऐकू येतं. आणि कान तयार असण्याचा इथे संबंधच नसतो, कारण फरक कानापर्यंत पोचायच्या आधी डोक्यात तयार झालेला असतो.

कसा? एक, तीच बंदिश दुसऱ्यांदा ऐकताना आपलं लक्ष वेगळ्या जागी असतं. पहिल्यांदा गायिकेकडे होतं, दुसऱ्यांदा कुणी ‘डग्गा बघ’ म्हटलं की डग्ग्याकडे जातं. डग्गा पहिल्यांदाही तितकाच मोकळा होता, आपण तिकडे नव्हतो. दोन, अर्ध्या डेसिबलनं आवाज वाढला तर आपल्याला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. म्हणून पातळी मोजून जुळवल्याशिवाय केलेली कुठलीही तुलना फुकट. दुकानात दोन वस्तू लागोपाठ वाजवून दाखवतात तेव्हा पातळी कुणी मोजली, हे विचारून बघा एकदा. तीन, किंमत. सत्तर हजार खर्च केल्यावर फरक ऐकू न येणं माणसाला परवडत नाही.

ध्वनिशास्त्रात फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह ही मोठी नावं आहेत. १९९४ साली त्यांनी चाळीस श्रोत्यांना चार स्पीकर ऐकवले. एकदा पडद्याआड, एकदा उघड. स्पीकर तेच, खोली तीच, माणसंही तीच. पण स्पीकर दिसायला लागल्याबरोबर गुण बदलले. मोठ्या, भारदस्त दिसणाऱ्यांचे वाढले, लहानशा प्लॅस्टिकच्या स्वस्त संचाचे घसरले. इथपर्यंत आपल्याला अंदाज असतो. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. खोलीत स्पीकरची जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो. पडद्याआड ऐकताना श्रोत्यांना तो बदल कळत होता. उघड्यावर ऐकताना तोच खरा बदल बहुतेक निसटत होता.

हे वाक्य मी स्वतःसाठी लिहून ठेवलंय: डोळे खोटा फरक ऐकवतात एवढंच नाही, ते खरा फरक लपवतातही. या पोस्टचा मुद्दा तोच आहे. पुढे पुन्हा येईन त्यावर.

*

आपल्या महाराष्ट्राला ही पडद्याची परीक्षा नवीन नाही. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. काही पत्रिका हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. कुठली कुणाची हे ज्योतिषांना माहीत नाही. प्रत्येकाला चाळीस पत्रिका, फक्त एवढंच सांगायचं की ही हुशार मुलाची की दुसरी. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. निकाल निम्म्याच्या आसपास, खरं तर निम्म्यापेक्षा थोडा खालीच. म्हणजे नाणं उडवलं असतं तर एवढंच हाती लागलं असतं. २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यावरचा लेख आला.

त्या चाचणीचं सौंदर्य असं की तिनं ज्योतिषांशी वाद घातलाच नाही. ग्रहांचं गुरुत्वाकर्षण किती, शनीचं अंतर किती, यातलं काही नाही. फक्त म्हटलं, तुम्हाला कळतं ना? मग नाव झाकून सांगा.

आता दुसरा आकडा बघा. २००७ साली अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. उच्च दर्जाचं डिजिटल ध्वनिमुद्रण थेट ऐकवायचं आणि तेच साध्या सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवायचं. फरक ओळखा. वर्षभर, वेगवेगळ्या यंत्रणांवर, ध्वनिमुद्रणातले व्यावसायिकही त्यात होते. एकूण ५५४ प्रयत्न, बरोबर उत्तरं २७६. पन्नास टक्क्यांना किंचित कमी. पत्रिका असो नाही तर सीडी, नाव झाकलं की आकडा निम्म्यावर येऊन बसतो.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मीही त्या विक्रेत्यांसारखाच. २०१६ साली जोशुआ रीस या संशोधकानं अशा अठरा प्रयोगांचा एकत्र हिशेब केला. साडेबारा हजारांहून अधिक प्रयत्न. बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के आलं, आणि ज्या प्रयोगांत श्रोत्यांना आधी सराव दिला होता तिथे ते साठीच्या वर गेलं. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या दर्जाच्या बाबतीत बारीकसा फरक काही कानांना, सरावानं, ओळखू येत असावा. मला हा निकाल आवडतो. कारण ‘पडद्याआड काहीच ऐकू येत नाही, ही चाचणीच फरक मारून टाकते’ या आक्षेपाला त्यातच उत्तर आहे. फरक असला तर पडद्याआडूनही तो बाहेर येतो, दोन टक्क्यांचा असला तरी.

वायरींचं काय? अमेरिकेतले जादूगार जेम्स रँडी दैवी शक्तीचे दावे तपासायला दहा लाख डॉलरचं आव्हान द्यायचे. २००७ साली त्यांनी तेच आव्हान सव्वासात हजार डॉलरच्या स्पीकर वायरीबद्दल दिलं. साध्या चांगल्या वायरीपासून ती पडद्याआड ओळखून दाखवा. एका नामवंत समीक्षकानं होकारही दिला. बरंच पत्रापत्री झाली. परीक्षा मात्र झालीच नाही.

*

‘म्हणजे तुझं म्हणणं काय, कशानंच काही फरक पडत नाही?’ असं मित्रानं भजी खाताना विचारलं. (भजी त्याच्याचकडून.)

नाही. असं मुळीच नाही. थोडा हिशेब सांगतो, कंटाळू नका.

अडीच स्क्वेअर एमएम वायर, अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर. जाऊन येऊन दहा मीटर. तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम. स्पीकर आठ ओहमचा. आवाजात घट एक दशांश डेसिबलपेक्षाही कमी. हे कुणाच्याही कानाला कळणार नाही. पण तीच वायर जुन्या घंटीला लावतात तशी बारीक, अर्ध्या स्क्वेअर एमएमची घेतली आणि स्पीकर चार ओहमचा असला, तर घट पाऊण डेसिबलच्या आसपास जाते, आणि स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला वेगळा असल्यानं ती सगळीकडे सारखीही नसते. हा फरक ऐकू येऊ शकतो. तेव्हा वायर पुरेशी जाड घ्या. ‘पुरेशी’च्या पुढे जे काही आहे ते दागिना आहे.

वायरीवर दिशेचा बाण छापलेला असतो, त्याचं तर हसू येतं. संगीताचा विद्युतप्रवाह एकाच दिशेनं वाहत नाही, तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट होतो. बाण कुणाला दाखवताय? आणि हजारो रुपयांची पॉवर कॉर्ड? वीज कोयनेहून नाही तर चंद्रपूरहून, शेकडो किलोमीटर साध्या तारांतून, तुमच्या गल्लीतल्या रोहित्रातून, भिंतीतल्या बिल्डरनं घातलेल्या वायरीतून येते. शेवटच्या दीड मीटरात तिचं शुद्धीकरण होणार, ही श्रद्धा गंगाजलाच्या बाटलीइतकीच जुनी आहे.

आता ज्यानं फरक पडतो त्याची यादी. अर्थिंग नीट नसेल तर स्पीकरमधून घुंइंइं येतो, तो आंधळ्या-डोळस सगळ्या परीक्षांत पास होतो. नाट्यगृहात माइकची लांब वायर चांगली शिल्डिंग केलेली नसेल तर गुणगुण येते. ग्रामोफोनची झिजलेली सुई बदला, शेजारी विचारतील काय केलंत. इअरफोनच्या टोकाची रबरी टोपी कानात नीट बसली नाही तर खर्ज जवळजवळ गायब होतो, बसली की परत येतो. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा, फुकटात डग्गा बदलेल.

आणि पडदा. आमचा हा सगळा उद्योग चालू असताना वहिनी आतून येऊन म्हणाल्या, ‘मला त्या वायरीचं काही कळत नाही बाई. पण खिडकीचे पडदे धुवायला काढले की गाणं कसं विहिरीतून आल्यासारखं वाटतं.’

आम्ही दोघं गप्प. घरातला सगळ्यात खरा ध्वनिविषयक निष्कर्ष त्यांनी काढला होता, आणि तोही दर दिवाळीला काढत आल्या होत्या. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एक काम दिलं गेलं. एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काहीच कळत नाही, आवाज घुमतो, काहीतरी करा. त्यानं जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, घुमणं किती सेकंदांत विरतं ते मोजायचं, पहाटेपूर्वी परत नेऊन ठेवायच्या. खोलीच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्या गाद्यांवर उभा आहे. वहिनींचे पडदे त्याच जातीचे.

याहून घरचं उदाहरण हवं असेल तर मिरजेला जा. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात. त्याची किंमत काहीच नाही. पण तो केसभर मागेपुढे केला की जवारी खुलते किंवा मिटते. तार तीच, भोपळा तोच, आणि मुका तानपुरा बोलायला लागतो. हा फरक ओळखायला कान तयार असावे लागत नाहीत, दहा वर्षांचं पोर डोळे मिटून सांगेल. तेव्हा बारीक वस्तूनं मोठा फरक पडतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त तो फरक डोळे मिटल्यावरही शिल्लक राहायला हवा.

*

आता तुम्ही म्हणाल, त्याचे पैसे, त्याची हौस, तुझ्या पोटात का दुखतं? शिवाय ही पोस्ट सार्वजनिक प्रश्नांवर लिहिणाऱ्या माणसाची, त्यात वायर कुठून आली?

पहिला प्रश्न रास्त आहे. मित्रानं ती वायर काढली नाही. ‘राहू दे, छान दिसते,’ म्हणाला. मला ते उत्तर फार आवडलं. छान दिसते म्हणून घ्या, हौस म्हणून घ्या, पैठणीचा पोत मोजून कुणी घेतं का? हरकत घेणाराच्या मागे मी पहिला लागेन. पण ज्यानं विकली त्यानं ‘छान दिसते’ म्हणून विकली नव्हती. ‘आवाजात फरक पडतो’ म्हणून विकली होती. तो दावा आहे. आणि दाव्याला कायदा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७). अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं त्याची व्याख्या तिथे आहे. तिच्यात एक फार मोलाची तरतूद आहे, जुन्या १९८६च्या कायद्यातूनच आलेली. वस्तूच्या कामगिरीची किंवा परिणामकारकतेची हमी पुरेशा आणि योग्य चाचणीशिवाय देणं ही अनुचित प्रथा आहे. आणि ‘आम्ही चाचणी केली होती’ असा बचाव घेतला तर ते सिद्ध करायची जबाबदारी तो बचाव घेणाऱ्याची, ग्राहकाची नाही. पुन्हा वाचा. फरक पडत नाही हे मी सिद्ध करायचं नाहीये. पडतो हे त्यानं करायचंय.

२०२०पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. उत्पादक तर आहेच, जाहिरातीत शिफारस करणाराही या कक्षेत येतो. २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी काही आर्थिक संबंध असेल तर तो उघड करावा लागतो. कायदा आहे, यंत्रणा आहे. वापर नाही, कारण आपण ‘ज्याचे कान त्यालाच ठाऊक’ म्हणून विषय सोडून देतो.

आणि हा विषय श्रीमंतांच्या वायरीपाशी थांबत नाही. एकदा ‘मला वाटलं’ हा पुरावा आहे असं मान्य केलं की तोच पुरावा घेऊन पुढे कोणीही येतो. पाण्याला ‘ऊर्जा’ देणारा पेला, वीजबिल ‘निम्मं करणारं’ प्लगमध्ये खोचायचं डबडं, सांधेदुखीचं ब्रेसलेट. सगळ्यांची साक्ष तीच: वापरून बघा, फरक जाणवेल. सत्तर हजारांची वायर घेणाऱ्याचं घर चालायचं थांबत नाही. वीज वाचवायच्या डबड्याला पाचशे रुपये देणाऱ्या बाईला ते पाचशे मोजून द्यावे लागतात. म्हणून ‘नाव झाकून दाखव’ ही सवय मला नागरिकशास्त्राचा भाग वाटते. ती लागायला वायरीपेक्षा सोपा धडा नाही. रविवारची दुपार, चादर आणि नाणं, एवढंच लागतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. ऐकू येणाऱ्या फरकाचा दावा करून काही विकायचं असेल तर पडद्याआडच्या चाचणीचा निकाल, फेऱ्यांच्या आकड्यासकट, जाहिरातीत छापा. दुकानात तुलना दाखवायची तर पातळी जुळवून आणि वस्तू झाकून दाखवा. समीक्षा करणाऱ्यानं वस्तू विकत घेतली की कंपनीनं पाठवली, हे पहिल्या ओळीत सांगावं. आणि ग्राहक संघटनांनी वर्षातून एकदा अशी जाहीर चाचणी भरवावी. लोक जेवणाच्या सुट्टीत येतील, मजा येईल, आणि घरी जाताना एक प्रश्न घेऊन जातील.

*

शेवटची गोष्ट माझीच आहे. मित्राच्या वायरीला हसून झाल्यावर सांगतोय, म्हणजे हिशेब बरोबर होईल.

त्या रविवारी मी खोटा फरक ऐकत होतो. पण त्याआधी दोन वर्षं माझ्याच घरात एक खरा फरक होता, तो मला ऐकू आला नव्हता. वडील टीव्हीचा आवाज वाढवत चालले होते. ‘हल्ली सगळे पुटपुटतात,’ म्हणायचे. जेवताना गप्पांत नसायचे, नको तिथे हसायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं, तिरसट झालेत. त्याच दोन वर्षांत मी नवा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, हेडफोन घेतला, कुठल्या हेडफोनचा तार सप्तक जास्त स्वच्छ यावर रात्री-रात्री वाचन केलं. शेजारच्या खोलीत एका माणसाचा अख्खा तार सप्तक गेला होता आणि मला कळलं नव्हतं. डोळ्यांना म्हातारा माणूस दिसत होता ना. दिसत असलं की ऐकू येत नाही.

शेवटी कान तपासायला नेलं. तपासणाऱ्या मुलीनं काय केलं सांगू? तिनं एक पुठ्ठा तोंडासमोर धरला आणि शब्द म्हणायला लागली. वडील दर दुसऱ्या शब्दाला चुकले. पुठ्ठा बाजूला केला, तर जवळपास सगळे बरोबर. दोन वर्षं ते आमचे ओठ वाचत होते. आमच्या घरातली ती पहिली पडद्याआडची परीक्षा. मित्राकडे चादर टांगायची कल्पना मला तिथूनच सुचली होती.

मशीन आलं. पहिला आठवडा ते ड्रॉवरमध्येच. ‘शिट्टी वाजते, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो.’ मी मनात म्हटलं, गेले पैसे. परत नेलं. त्या मुलीनं मशीनकडे बघितलंही नाही, कानाकडे बघितलं आणि टोकाची रबरी टोपी एक माप मोठी बसवली. काही रुपयांची वस्तू. शिट्टी थांबली, कारण बाहेर निसटणारा आवाज परत माइकमध्ये जायचा थांबला. मग हळूहळू, महिना-दीड महिन्यात, सवय झाली. परवा जेवताना मी बायकोशी हळू आवाजात काहीतरी बोललो, आणि मान वर न करता ते म्हणाले, ‘मीठ बरोबर आहे, तिला उगाच बोलू नकोस.’

ऑडिओच्या जोडवस्तूंनी ऐकणाऱ्याला फरक पडतो का? पडतो. आमच्या घरात पडला. आमचे ओठ न बघता पडला.

तुमच्या घरात कुणी ‘हल्ली सगळे पुटपुटतात’ म्हणत असेल, तर पुढच्या रविवारी वायर बघायच्या आधी एक पुठ्ठा तोंडासमोर धरून बघा.